जन्मवर्षाने आयुष्यात नेमके काय बदलते?

प्रश्न असा आहे की, वेगवेगळ्या काळात जन्मलेल्या पिढ्यांचे कुटुंब, शिक्षण आणि आरोग्य यांत जे फरक सांगितले जातात ते कितपत खरे मानावेत, आणि त्यांतला किती भाग खरोखर जन्मकाळाच्या पदरी टाकता येतो. एकाच सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा म्हातारपणापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांची आकडेवारी तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते. माझे मत आधीच सांगते. फरक खरे आहेत, काही बाबतींत फार मोठे आहेत. परंतु जन्मवर्ष स्वतः काहीच घडवत नाही. एखादी घटना माणसाला कोणत्या वयात आणि कोणत्या घरात गाठते, यावर तिचा परिणाम ठरतो.

तुलनेतली मूळ चूक कोठे होते हे समजण्यासाठी मी नवख्या विद्यार्थ्यांना नेहमी क्षयरोगाचे उदाहरण देते. अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्षयरोगाने झालेल्या मृत्यूंचे अनेक दशकांचे आकडे तपासले होते. त्यांचा निबंध त्यांच्या निधनानंतर १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३० सालचे आकडे वयोगटानुसार मांडले, तर मृत्युदर पन्नाशी ते साठीच्या लोकांत सर्वाधिक दिसत होता. क्षय हा आता उतारवयाचा आजार झाला आहे, असा निष्कर्ष त्यावरून सहज निघाला असता. फ्रॉस्ट यांनी तेच कोष्टक तिरके वाचले, म्हणजे एका दशकात जन्मलेली माणसे पुढच्या प्रत्येक दशकात कोठे दिसतात हे पाहिले. तेव्हा कळले की १९३० मध्ये पन्नाशीत असलेल्या त्याच माणसांचा मृत्युदर ती वीस ते तीस वर्षांची असताना कितीतरी अधिक होता आणि नंतर तो सतत घसरत गेला. वय वाढल्याने धोका वाढला नव्हता. ज्या पिढीला लहानपणी संसर्गाने घेरले होते, ती पिढी आपला वारसा घेऊन म्हातारी झाली होती. नॉर्वेमध्ये अँडवोर्ड यांनी थोडे आधी असेच विश्लेषण केले होते. एका वर्षातल्या तरुणांची त्याच वर्षातल्या वृद्धांशी तुलना करून पिढीविषयी काही ठरवू नये, हे या शाखेला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि तरीही रोजच्या चर्चेत नेमकी तीच तुलना होत असते.

यामागे एक गणिती अडचण आहे, आणि ती टाळता येत नाही. कोणत्याही निरीक्षणात तीन गोष्टी एकत्र असतात: माणसाचे वय, निरीक्षणाचे वर्ष आणि जन्माचे वर्ष. यांतली दोन कळली की तिसरी आपोआप ठरते, कारण जन्मवर्षात वय मिळवले की चालू वर्ष येते. त्यामुळे केवळ आकड्यांच्या बळावर वयाचा, काळाचा आणि पिढीचा परिणाम वेगवेगळा काढता येत नाही. त्यासाठी बाहेरचे ज्ञान लागते. एखादा कायदा कधी लागू झाला, एखादी लस कधी आली, एखादी टंचाई कोणत्या महिन्यात संपली, हे माहीत असेल तरच गाठ सुटू लागते. पंधरा-वीस जन्मवर्षांचा पट्टा ओढून त्याला 'मिलेनियल'सारखे आकर्षक नाव देण्याच्या पद्धतीवर लोकसंख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे तो याचमुळे. २०२१ मध्ये दीडशेहून अधिक समाजशास्त्रज्ञांनी आणि लोकसंख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या जनमत-संशोधन संस्थेला खुले पत्र लिहून अशी नावे वापरणे थांबवावे अशी विनंती केली, आणि २०२३ मध्ये त्या संस्थेने त्यांचा वापर अधिक सावधपणे करण्याचे जाहीर केले. पट्ट्याच्या एका टोकाला जन्मलेला आणि दुसऱ्या टोकाला जन्मलेला यांच्यात जितके अंतर असते, तितके पट्ट्याच्या सीमेवरच्या दोन शेजाऱ्यांत कधीच नसते.

पिढ्यांची तुलना एकाच वयावर करता यावी, यासाठी सर्वांत मोलाचे साधन म्हणजे जन्मसमूहांचे अभ्यास. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात झालेल्या जन्मांपासून असा पहिला राष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. जेम्स डग्लस यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात पुढील पाठपुराव्यासाठी ५,३६२ मुले निवडण्यात आली. त्यानंतर मार्च १९५८ मधला एक आठवडा, एप्रिल १९७० मधला एक आठवडा, आणि मग तीस वर्षांच्या खंडानंतर २००० ते २००२ या काळात जन्मलेली सुमारे १९,००० मुले, असे समूह त्याला जोडले गेले. ब्राझीलमधील पेलोटास या शहरात १९८२, १९९३, २००४ आणि २०१५ असे बरोबर अकरा-अकरा वर्षांच्या अंतराने चार समूह उभे आहेत. आपण ज्याला पिढीतला फरक म्हणतो, तो अशाच ठिकाणी खऱ्या अर्थाने मोजता येतो.

ब्रिटनचे तीन जुने समूह शेजारी ठेवून पाहावेत. १९४६ ची मुले दोन वर्षांची असताना, जुलै १९४८ मध्ये, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती आठ वर्षांची होईपर्यंत युद्धकाळातले शिधावाटप चालू होते. १९५८ च्या मुलांनी शिधावाटप पाहिलेच नाही. गर्भनिरोधक गोळी १९६१ मध्ये उपलब्ध झाली तेव्हा पहिला समूह पंधरा वर्षांचा होता आणि तिसरा जन्मालाही आला नव्हता. घटस्फोट सुलभ करणारा कायदा जानेवारी १९७१ मध्ये अमलात आला. तो १९४६ च्या समूहाला स्वतःच्या लग्नाच्या वयात भेटला, १९५८ च्या समूहाला आईवडिलांच्या संसारात बारा वर्षांच्या वयात भेटला, आणि १९७० च्या मुलांचे सारे बालपण त्या कायद्याखाली गेले. कायदा एकच, पण तीन पिढ्यांच्या आयुष्यात तो तीन वेगळ्या जागी आला.

कुटुंबाच्या बाबतीत बदल किती वेगाने झाला, याची कल्पना एका आकड्यावरून येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहाशिवाय झालेल्या अपत्यांचे प्रमाण १९७० मध्ये सुमारे ८ टक्के होते. २००० मध्ये ते सुमारे ४० टक्क्यांवर गेले. आकड्याचा अर्थ लावताना मात्र घाई करू नये. यातली बरीच मुले एकत्र राहणाऱ्या दोन्ही पालकांच्या घरी जन्मली होती, म्हणजे बदलला तो मुख्यतः नात्याच्या नोंदणीचा प्रकार. अपत्यहीनतेचेही तसेच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ पाचातील एक अपत्यहीन राहिली, १९३० च्या दशकात जन्मलेल्यांत ते प्रमाण साधारण निम्म्यावर आले, आणि १९६० च्या आसपास जन्मलेल्यांत ते पुन्हा वर गेले. लवकर लग्न आणि भरपूर मुले हा ज्या पिढीचा नमुना आपण जुनी रीत म्हणून गृहीत धरतो, ती पिढी खरे तर अपवाद होती. तिच्याशी तुलना केली की नंतरची प्रत्येक पिढी बिघडलेली वाटते, आणि तिच्याही आधीच्या, शतकाच्या आरंभी जन्मलेल्या पिढीशी तुलना केली की तसे वाटत नाही. मोजमापाचा आरंभबिंदू कोणता धरला, हे विचारल्याशिवाय कुटुंबाविषयीचा कोणताही निष्कर्ष मी स्वीकारत नाही.

जन्मदराची गोष्टही अशीच फसवी आहे. एखाद्या वर्षाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे त्या वर्षाच्या जन्मदरांनुसार एका स्त्रीला सरासरी किती मुले होतील याचा अंदाज, घसरला म्हणजे त्या पिढीच्या स्त्रियांना अखेरीस कमी मुले होतील असे नसते. त्या पहिले मूल पुढे ढकलत असल्या तरीही त्या वर्षाचा आकडा खाली येतो. अंतिम आकडा पिढीचे प्रजननवय संपल्यावरच कळतो.

घटस्फोटाबद्दल माझी स्वतःची एक समजूत आकड्यांनी मोडली, ती येथे सांगणे योग्य होईल. घटस्फोट दुर्मीळ होता तेव्हा अशा घरातल्या मुलांना लोकनिंदेचा मोठा त्रास होत असणार, आणि तो सर्वसामान्य झाल्यावर त्याचा मुलांच्या शिक्षणाशी असलेला संबंध सैल होत जाणार, असे मी धरून चालले होते. ब्रिटनच्या तीन समूहांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत तसे आढळले नाही. घटस्फोटाचे प्रमाण कितीतरी वाढले, तरी पालक विभक्त झालेल्या मुलांचे शैक्षणिक मागे पडणे जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे समाजाच्या नजरेपेक्षा विभक्त होण्याआधीचा घरातला ताण, नंतरची पैशांची ओढाताण आणि मुळातच कोणती कुटुंबे तुटतात, या गोष्टी अधिक जड असाव्यात. हा कार्यकारणभावाचा पुरावा नाही, परंतु सोपे स्पष्टीकरण त्यापुढे टिकत नाही.

शिक्षणाकडे वळताना स्कॉटलंडच्या दोन सर्वेक्षणांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण कुटुंब, शिक्षण आणि आरोग्य हे तिन्ही धागे तेथे एकत्र येतात. जून १९३२ मध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची, म्हणजे ८७,४९८ मुलांची, एकाच चाचणीने परीक्षा घेण्यात आली. १९४७ मध्ये तीच चाचणी १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांना देण्यात आली. मोठ्या कुटुंबांतल्या मुलांचे गुण सरासरीने कमी असतात, अशा कुटुंबांत मुले अधिक जन्मतात, म्हणून राष्ट्राची बुद्धी पिढीगणिक घसरत असणार, अशी भीती त्या काळी अनेक विद्वानांना वाटत होती. कुटुंबाचा आकार आणि गुण यांचा उलटा संबंध दुसऱ्या खेपेलाही आढळला. पण सरासरी घसरण्याऐवजी किंचित वाढली होती. एका पिढीच्या आतला संबंध पिढ्यांमधल्या बदलाला जसाच्या तसा लावता येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. पुढे हीच कागदपत्रे पुन्हा बाहेर काढून त्या मुलांचा शोध घेतला गेला, तेव्हा अकराव्या वर्षी अधिक गुण मिळवणारी मुले सरासरीने अधिक काळ जगल्याचेही दिसले.

नॉर्वेतील लष्करभरतीच्या चाचण्या या प्रश्नाला आणखी पुढे नेतात. १९६२ ते १९९१ या काळात जन्मलेल्या पुरुषांचे गुण १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत वाढत गेले आणि त्यानंतर घसरू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात संशोधकांनी सख्ख्या भावांची तुलना केली, आणि वाढ व घसरण दोन्ही एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्यांत दिसून आल्या. आईबाप तेच, घर तेच. त्यामुळे कोणत्या कुटुंबांत अधिक मुले होतात, यावर हा बदल ढकलता येत नाही. भोवतालचे वातावरण, शिकवण्याची पद्धत किंवा चाचणीतल्या प्रश्नांशी असलेली ओळख, यांतच कारण शोधावे लागते.

शिकलेली माणसे अधिक निरोगी असतात हे प्रत्येक देशात, प्रत्येक पिढीत दिसते. त्यात शिक्षणाचा स्वतःचा वाटा किती, हा मात्र कठीण प्रश्न आहे, आणि त्यासाठी कायद्याने घडवलेली एक नैसर्गिक कसोटी उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १९७२ पासून शाळा सोडण्याचे किमान वय १५ वरून १६ झाले. ऑगस्ट १९५७ च्या अखेरीस जन्मलेला मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडू शकत होता. त्याच्या पाठोपाठ एका दिवसाने, १ सप्टेंबरला, जन्मलेल्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले. या दोघांत दुसरा कोणताही ठळक फरक असण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शाळा सोडण्याचे वय वाढवणाऱ्या १९४७ आणि १९७२ च्या दोन्ही बदलांनी वाढलेल्या शिक्षणाचा मृत्युदरावर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-माहितीसंग्रहाच्या स्वयंसेवकांवर नंतर झालेल्या अभ्यासात मधुमेह आणि मृत्यू यांचे प्रमाण काहीसे घटलेले दिसले. दुसऱ्या अभ्यासातले लोक स्वतःहून पुढे आलेले आणि सरासरीहून निरोगी होते, म्हणून मी पहिल्याला अधिक वजन देते. परंतु शिक्षणाचा आरोग्याशी काही संबंध नाही असे त्यातून निघत नाही. नाइलाजाने शाळेत काढलेले एक वर्ष आणि आवडीने घेतलेले पाच वर्षांचे शिक्षण यांत फरक आहे.

शिक्षणाचा फायदा पुढे उत्पन्नात आणि सामाजिक स्थानात उतरतो का, यावर १९५८ आणि १९७० च्या समूहांवरून गाजलेला वाद आहे. अर्थशास्त्रज्ञांनी उत्पन्न मोजले, तेव्हा धाकट्या समूहात आईवडिलांच्या उत्पन्नाची पकड अधिक घट्ट झालेली दिसली. समाजशास्त्रज्ञांनी व्यवसायाचा वर्ग मोजला, तेव्हा फारसा बदल दिसला नाही. माणसे तीच, प्रश्नावल्या त्याच. पिढीत काय बदलले हे आपण काय मोजतो यावर किती अवलंबून असते, ते यावरून ध्यानात यावे.

आरोग्याच्या बाबतीत पिढ्यांची दिशा एकच नाही, आणि हीच गोष्ट लोकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. उंचीत झालेली वाढ थक्क करणारी आहे: १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियाच्या स्त्रिया १८९६ मध्ये जन्मलेल्यांपेक्षा सरासरी २० सेंटिमीटर उंच झाल्या. त्याच वेळी वजनाची रेषा दुसरीकडे गेली. १९४६ ते २००१ या काळातल्या पाच ब्रिटिश समूहांमधील ५६,६३२ व्यक्तींचे वजन एकत्र मांडले, तेव्हा १९४६ च्या समूहातला मधला, म्हणजे वजनाच्या क्रमात मधोमध येणारा, पुरुष सुमारे ४१ व्या वर्षी अतिवजनाची सीमा ओलांडत होता, तर १९७० च्या समूहातला सुमारे ३० व्या वर्षीच. १९८० नंतर जन्मलेल्या मुलांत दहाव्या वर्षी अतिवजन किंवा लठ्ठपणा असण्याची शक्यता आधीच्या समूहांच्या दुप्पट-तिप्पट होती. याच अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते: सडपातळ मुलांचे वजन पिढ्यांमध्ये फारसे बदलले नाही, बदल झाला तो मुख्यतः वरच्या टोकाला. साऱ्या पिढीचे वजन सारखे वाढले नाही. पिढीच्या आतले अंतर रुंदावले.

आयुष्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांचा परिणाम किती लांबवर जातो, याचा पुरावा १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात पडलेल्या दुष्काळातून मिळाला. दिवसाचा शिधा १,००० कॅलरींच्याही खाली गेला होता, आणि दुष्काळाचा आरंभ व शेवट नेमका ठाऊक असल्यामुळे गर्भाला तो कोणत्या महिन्यात भोगावा लागला हे कळू शकते. गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार सोसलेल्यांत पुढे हृदयरोगाचे आणि स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक आढळले. शेवटच्या महिन्यांत सोसलेले जन्मतः हलके होते आणि त्यांची साखर पचवण्याची क्षमता कमी होती. परंतु एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीच्या वेळी घेतलेल्या बुद्धिचाचण्यांत उपासमारीचा मागमूस सापडला नाही. ब्रिटनमधील साखरेचे नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले, त्याचा आधार घेऊन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भधारणेपासूनचे पहिले एक हजार दिवस कमी साखरेत गेलेल्यांना टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. नवी दिल्लीतील १९६९ ते १९७२ च्या जन्मसमूहात ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती मुले पहिल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा बारीक होती आणि नंतर लवकर भरू लागली होती. शाळेच्या वयात त्यांतली बहुतेक लठ्ठ नव्हती, म्हणून एका वयावरचे एकच मोजमाप येथे काहीच सांगू शकले नसते.

नव्या पिढ्यांना जुन्यांपेक्षा वाईट परिस्थितीला तोंड द्यावे लागते असे एक ठाम उदाहरण आतड्याच्या कर्करोगाचे आहे. अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयाला, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. याच्या उलट, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या रहिवाशांच्या दीर्घ अभ्यासात नव्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटले, परंतु ही घट किमान माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्यांपुरतीच होती. पिढीला मिळालेला लाभ पिढीतल्या सर्वांना मिळाला नाही, हे येथे पुन्हा दिसते.

मानसिक त्रासाविषयी बोलताना मी सर्वांत सावध असते. १९५८ आणि १९७० च्या समूहांना ४२ व्या वर्षी जवळपास सारखेच प्रश्न विचारले गेले, आणि धाकट्या समूहात त्रास अधिक आढळला. दोन्ही पिढ्या त्या प्रश्नांचा अर्थ सारखाच घेतात का, हेही संशोधकांनी तपासले होते, म्हणून या निष्कर्षावर माझा विश्वास आहे. पण केवळ निदानांची संख्या वाढली म्हणून त्रास वाढला असे म्हणणाऱ्या लेखनावर नाही. निदान हे आजाराइतकेच दवाखान्यापर्यंत पोहोचण्याच्या सोयीवर आणि बोलण्याच्या धैर्यावर अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी पिढीगणिक बदलतात.

या अभ्यासांच्या मर्यादाही प्रश्नकर्त्याला माहीत असाव्यात. १९४६ च्या पाठपुराव्यातून जुळी मुले आणि अविवाहित मातांची मुले वगळलेली होती, त्यामुळे त्या पिढीचे कुटुंबचित्र मुळातच थोडे नीटनेटके दिसते. गळती ही दुसरी अडचण: दर खेपेला जे सापडत नाहीत ते बहुधा गरीब, आजारी किंवा सतत घर बदलणारे असतात. सुरुवातीच्या काळात एका तुलनेत मी ही गळती पुरेशी दुरुस्त न करता जुना समूह अधिक निरोगी असल्याचे लिहिले होते. गळालेल्यांसारख्या, पण अभ्यासात उरलेल्या लोकांना हिशेबात अधिक वजन दिल्यावर निम्मा फरक नाहीसा झाला. तेव्हापासून दोन पिढ्यांची तुलना हाती आली की दोन्हींतून कोण गळले आहे, हे मी सर्वांत आधी पाहते.

शेवटी, सध्याच्या तरुण पिढीचे मध्यमवयातले आरोग्य कसे असेल, या उपप्रश्नाला आज उत्तर देता येणार नाही. १९५८ च्या समूहाची रक्तदाब, रक्त आणि फुप्फुसे यांची सविस्तर तपासणी परिचारिकांनी घरोघरी जाऊन केली तेव्हा ती माणसे ४४-४५ वर्षांची होती. २००० ते २००२ मध्ये जन्मलेली मुले त्या वयाला २०४४ नंतर पोहोचतील, आणि त्यांच्याशी खरी तुलना तेव्हा होईल.